१८९७ सालचं माजघर: विद्यार्थी नाटकाच्या नेपथ्याचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत आमच्या नाट्यविभागाच्या दोन अंकी नाटकाचं नेपथ्य मी केलं. काळ १८९७, जागा पुण्यातल्या एका पेठेत वाड्यात भाड्यानं राहणाऱ्या कारकुनाचं बिऱ्हाड, आणि विषय प्लेगच्या घरझडत्यांचा. नाटक आमच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं लिहिलेलं. काम अंगावर आलं तेव्हा आपल्यासारख्याच एखाद्या विद्यार्थ्यानं संहितेपासून हिशेबापर्यंत सगळं लिहून ठेवलेलं वाचायला मिळावं असं फार वाटत होतं. इतिहासाची पुस्तकं मिळतात, नेपथ्याची चित्रंही मिळतात, पण अकाउंट्स विभागात बिल कसं लावायचं आणि पहिल्या अंकातली भिंत मध्यंतरात कशी बदलायची, हे कुणी सांगत नाही. म्हणून लिहितेय.

संहितेची पक्की प्रत १२ ऑगस्टला मिळाली. पहिल्या अंकात मार्चचा मध्य, भरलेलं घर. दुसऱ्या अंकात मे महिना, तेच घर निर्जंतुक करून रिकामं केलेलं. मध्ये काय झालं ते फक्त अंधारात, आवाजांतून. म्हणजे नाटकातली सर्वांत मोठी घटना प्रेक्षकांना नेपथ्याच्या फरकातूनच कळणार होती. वाचून संपल्यावर पोटात गोळा आला होता.

पहिलं काम तारखांचं केलं. मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये उघड झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. (हाच कायदा २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लावला गेला, त्यामुळे आमच्या नटांना 'विलगीकरण' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.) प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचं १० मार्चला निधन झालं. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या झडत्या चालल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त बघणारा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आमचं नाटक त्याआधीच संपतं. पात्रांना २२ जून माहीत नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, कारण आपल्याला माहीत असलेलं नकळत भिंतींवर उतरतं. वर्गातल्या एकानं पहिल्याच चर्चेत भिंतीवर बंदुकीची सावली सुचवली होती.

मग वहीत दोन रकाने आखले, 'असेल' आणि 'नसेल'. विजेचा दिवा नसेल. स्टेनलेस स्टील नसेल, तो धातूच १९१३ च्या सुमाराचा, म्हणून भांडी तांब्या-पितळेची आणि पितळ्यांना आतून कल्हई. नायलॉनची दोरी नसेल, काथ्या आणि सुंभ असेल. चौफुलीची खाच असलेले स्क्रूसुद्धा नसतील, ते १९३० नंतरचे. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दाराच्या कडीवरचे स्क्रू दिसतात, म्हणून तिथे साधे खिळे किंवा एकाच खाचेचे स्क्रू लावायचे, असं तेव्हाच ठरवलं. 'असेल' मध्ये केसरी होता, कारण तो १८८१ पासून निघत होता. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रं होती, तो छापखाना १८७८ चा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, म्हणजे देवीचं एखादं रंगीत चित्र त्या घरात नवंकोरं आलेलं असू शकत होतं. भिंतीवर पानं फाडायचं कॅलेंडर नाही, खुंटीला पंचांग. आणि पहिल्या अंकात ते शके १८१८ चं, दुसऱ्यात १८१९ चं, कारण मधल्या काळात पाडवा होऊन गेला. हे प्रेक्षकांतल्या कुणालाही दिसणार नव्हतं. पण ते पंचांग हातात धरणाऱ्या नटीला दिसणार होतं, आणि त्या एका गोष्टीनं तिनं स्वतःहून पाडव्याबद्दल लेखिकेशी बोलून एक वाक्य मागून घेतलं.

या याद्या करताना एक गोष्ट ध्यानात आली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. संग्रहालयात आपण त्या काळातल्या वस्तू बघतो तेव्हा त्या काळवंडलेल्या, झिजलेल्या, पिवळ्या पडलेल्या असतात. १८९७ मध्ये त्या तशा नव्हत्या. रविवर्म्यांचं चित्र तीनच वर्षांच्या आतलं, रंग भडक. केसरीचा अंक या आठवड्यातला, कागद पांढरा. तांब्याचं घंगाळ रोज चिंचेनं घासलेलं. त्या घरातल्या माणसांसाठी ते घर 'जुन्या काळातलं' नव्हतं, ते त्यांचं आजचं घर होतं. विद्यार्थी नाटकांत मी पाहिलेली ऐतिहासिक घरं बहुतेक तपकिरी असतात. भिंत तपकिरी, कपडे तपकिरी, वर्तमानपत्र चहात बुडवून काढलेलं. दिग्दर्शकाला मी तेव्हाच सांगितलं की आपलं पहिल्या अंकातलं घर स्वच्छ, रंगीत आणि वापरातलं दिसेल. तो आधी बिचकला. "मग काळ कसा कळणार?" म्हणाला. त्या प्रश्नाचं उत्तर मला सप्टेंबरात मिळालं.

सप्टेंबर पाहण्यात गेला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, दारं, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी एका ठिकाणी बघता येतात. विश्रामबागवाड्यात खांब, तुळया आणि वरची लाकडी तक्तपोशी जवळून बघता येते. पण इथे एक सावधगिरी लागते. जे वाडे टिकले आणि जतन झाले ते बहुतेक मोठ्या घरांचे, पेशव्यांचे, सरदारांचे. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि केळफुलांचे घोटीव तीर बघून हात शिवशिवतात, पण आमचा कारकून दोन खोल्या आणि सामाईक ओसरीत राहणारा. त्याच्या घराचा खांब साधा चौकोनी, फार तर कडा मारलेल्या. असं साधं घर बघायचं तर अजून उभ्या असलेल्या एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडातच जावं लागतं.

आमच्या प्रकाशयोजनाकाराच्या ओळखीनं कसबा पेठेतल्या एका वाड्यात जाता आलं. तिथल्या आजींनी आधी मला चहा दिला आणि मग टेप घेऊन हवं ते मोजू दिलं. मी दाराची उंची मोजत होते. जमिनीपासून जेमतेम सव्वापाच फूट, वर उंबरा वीतभर. आजी म्हणाल्या, "अगं, दार मुद्दामच ठेंगणं असतं. आत येणाऱ्याची मान आपोआप खाली व्हायला हवी ना." आणि मी उंबऱ्यावर पाय ठेवून उभी राहिले तशा लगेच, "उंबऱ्यावर पाय नाही द्यायचा, ओलांडून ये."

काळ कसा कळणार, याचं उत्तर इथे होतं. वाकावं लागतं, ओलांडावं लागतं, अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. घरातली माणसं हे सगळं न बघता करतात. बाहेरून आलेला सोजीर टोपी घालून ताठ चालत येतो आणि त्याला वाकावंच लागतं, किंवा तो कपाळ आपटून घेतो. नटांच्या अंगात तो काळ शिरला पाहिजे, आणि अंगात शिरायला भिंतीवरच्या वस्तूंपेक्षा दाराची उंची जास्त उपयोगी. त्या दिवशी घरी येऊन मी जमिनीचा आराखडा काढला तो आधी उंबऱ्याचा, मग बाकीच्या घराचा.

असं कुणाच्या घरी मोजमाप करायला जाणार असाल तर सोबत एकच माणूस न्या, विभागाचं पत्र न्या, फोटो काढण्याआधी प्रत्येक खोलीसाठी वेगळं विचारा, आणि देवघराचे फोटो मागू नका. मापं लिहून घेतली तरी पुरतं. आणि नाटकाच्या प्रयोगाला त्यांना बोलवा.

ऑक्टोबरात आराखडा आणि प्रतिकृती. अर्ध्या इंचाला एक फूट हे प्रमाण घेतलं. माउंटबोर्डची प्रतिकृती केली आणि साडेपाच फुटी माणूस म्हणून पावणेतीन इंचांची पुठ्ठ्याची आकृती कापून ती सगळीकडे फिरवून बघितली. रचना अशी ठरली: रंगमंचाची मूळ जमीन म्हणजे चौक, त्यावर एक फूट उंच लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, ही ओसरी, तिच्यामागे दीड फूट उंचीवर माजघर. ओसरी आणि माजघर यांच्यामधली भिंत तिरकी, तिच्यात ते ठेंगणं दार. तिरकी यासाठी की दारातून वाकून येणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसावा. सरळ ठेवली असती तर नुसती पाठ किंवा डोक्याची टाळू दिसली असती. भिंतीचं पुढचं टोक एका खांबापाशी संपवलं, म्हणजे दोन्हीकडचं बघता येईल.

सरांनी प्रतिकृती टेबलावर ठेवली, गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावीकडच्या शेवटच्या खुर्चीतून देवघर दिसत नाही." मग ती खुर्ची कुठे येते ते त्यांनी कागदावर मांडायला लावलं. नाट्यगृहाचा नकाशा मिळवा आणि दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून रेषा ओढून बघा. नकाशा मिळत नसेल तर रिकाम्या नाट्यगृहात जाऊन त्या खुर्च्यांवर बसा. देवघर मी चार फूट मध्याकडे सरकवलं.

कागदपत्रंही याच महिन्यात सुरू झाली. जाहीर प्रयोग करायचा म्हणून संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची होती. हे काम लेखिकेनं आणि व्यवस्थापन बघणाऱ्या मित्रानं केलं, पण नेपथ्यकारालाही त्याची तारीख माहीत हवी, कारण प्रमाणपत्राशिवाय पुढच्या गोष्टी अडतात. अर्ज ऑक्टोबरात गेला, प्रमाणपत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आलं. नाट्यगृहाची तारीख मागणारा अर्जही ऑक्टोबरातच दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्हाला पक्की तारीख नव्हती. तो काळ फार जड गेला. कारण तारीख नाही तर सुताराला काय सांगायचं, आणि सुताराला सांगितलं नाही तर तो दुसरं काम घेणार. शेवटी ८ फेब्रुवारी मिळाली. आम्ही लागून दोन सत्रं घेतली, दुपारचं सेट आणि प्रकाश लावायला, संध्याकाळचं प्रयोगाला. पैसे वाचवायला एकाच सत्रात सगळं बसवू नका. लेव्हलचे नेपथ्य असेल तर ते होत नाही.

नाट्यगृहाच्या नियमांचा कागद तारखेसोबत मिळतो. तो नेपथ्यकारानं स्वतः वाचावा. आमच्यासाठी त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. रंगमंचाच्या जमिनीत खिळा ठोकायचा नाही. जमिनीवर रंग लावायचा नाही. उघडी ज्योत लावायची नाही. म्हणजे फ्लॅट (भिंतीचे सुटे, चौकटीवर ताणलेले तुकडे) उभे राहणार ते ब्रेस म्हणजे मागचे टेकू आणि वाळूच्या पोत्यांवर, सारवलेली जमीन होणार कापडावर, आणि समईत दिवा खरा नसणार.

विभागानं नेपथ्यासाठी ४०,००० रुपये मंजूर केले होते. मंजूर म्हणजे हातात नव्हे. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीला तीन दरपत्रकं, बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, आणि उचल हवी असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दरपत्रकं मिळायला एक सकाळ पुरली, पण ती मंजूर होऊन उचल मिळेपर्यंत नोव्हेंबर संपला. जुन्या बाजारात मात्र बिल कुणीच देत नाही. तिथल्या खरेदीसाठी अकाउंट्सकडून कोरे व्हाउचर आधीच घेऊन जा आणि विक्रेत्याची सही तिथल्या तिथे घ्या. बुधवारी आणि रविवारी तो बाजार भरतो, बुधवारी गर्दी कमी. मला तिथे कडी-कोयंडा, दोन पितळी खुंट्या आणि एक कंदील मिळाला. उरलेलं हार्डवेअर बोहरी आळीतून. भांडी विकत घेतली नाहीत. तांबट आळीत चौकशी केली तेव्हा एकट्या घंगाळाची किंमत ऐकून परत आले, मग वर्गातल्यांच्या आज्यांकडून मागितली.

बांधणी डिसेंबरभर. सुतारकाका विद्यार्थी नाटकांची कामं वर्षानुवर्षं करतात, त्यामुळे सहा मिमीचा प्लाय, लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर मांजरपाट ताणून खळ हे सगळं त्यांना सांगावं लागलं नाही. चर्चा झाली ती दारावर. झडतीच्या प्रसंगात बाहेरून दारावर लाथा बसतात, आत अडसर घातलेला असतो. मी नेहमीसारखं फ्लॅटमध्येच दार काढलेलं दाखवलं तर काका म्हणाले, "पोरी, पहिल्या लाथेला तुझा आख्खा वाडा हलंल." मग दाराची चौकट फ्लॅटपासून वेगळी केली. जाड सागवानी नव्हे, साध्या देवदाराची, पण खालून लेव्हलच्या सांगाड्याला बोल्टनं पक्की, आणि मागून तिला स्वतःचे दोन टेकू. फ्लॅट आणि चौकट यांच्यात बोटभर फट, ती वरून पट्टीनं झाकलेली. आता कितीही लाथा मारल्या तरी चौकटच धक्का घेते आणि भिंत स्तब्ध राहते. ही गोष्ट कुठल्याही दाराला लागू आहे. रंगमंचावर भिंत थरथरली की मागची सगळी मेहनत जाते.

दाराला बिजागऱ्या नव्हत्या. जुन्या दारांना फळीच्याच वर-खाली निघालेले गोल खुंट असतात आणि ते खोबणीत फिरतात. तसंच केलं. त्याचा कर्र आवाज आपोआप मिळाला आणि ध्वनी बघणाऱ्या मित्रानं यादीतला एक आवाज खोडून टाकला.

मध्यंतरात भिंत कशी बदलायची, हा प्रश्न सर्वांत जास्त दिवस डोक्यात होता. लंडनच्या वेलकम संग्रहात १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगचे फोटो आहेत आणि ते इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. घरं धुणारे बंब, चुना मारणारी माणसं, रस्त्यावर काढलेलं सामान. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' अशी अक्षरं रंगवत. दिग्दर्शकाला ती अक्षरं फार आवडली होती. पण ती मुंबईची खूण आहे, आमचं घर पुण्याचं, म्हणून ती घेतली नाही. फोटोंतून मला मिळाला तो चुना. रसकापुराचं पाणी आणि कार्बोलिक ही जंतुनाशकं मारून वर चुन्याचा हात, जिथे हात पोचेल तिथपर्यंत, खाली ओघळ, वर अर्धवट. राहत्या माणसाने सणाला दिलेला चुना आणि परक्या माणसाने घाईत फासलेला चुना यांत फरक असतो, आणि दुसऱ्या अंकात फक्त तो फरक दिसला तरी पुरे, असं मला वाटलं.

म्हणून माजघराच्या मागच्या भिंतीचे चार फ्लॅट दोन्ही बाजूंनी रंगवले. एका बाजूला मऊ पिवळसर भिंत, खाली कावेचा लाल पट्टा, कंदिलाच्या जागी वर थोडी काजळी. दुसऱ्या बाजूला तो फासलेला चुना, काव पूर्ण बुडालेली. फ्लॅट एकमेकांना पिनच्या बिजागऱ्यांनी जोडले. पिन ओढली की फ्लॅट सुटतो, वळवून पुन्हा पिन घातली की उभा. अडचण कोनाड्यांची होती. कोनाडा म्हणजे फ्लॅटच्या मागे खोका, आणि खोका असलेला फ्लॅट उलटा करता येत नाही. म्हणून कोनाडे आणि फडताळ दोन बाजूच्या, न हलणाऱ्या फ्लॅटांत नेले. त्यांच्यावर दुसऱ्या अंकात चुन्याच्या रंगाचं ताणलेलं कापड वेल्क्रोनं बसतं, कोनाड्याच्या जागी कापलेलं. रिकामा कोनाडा, आतली कडा जुन्याच रंगाची. सामान उचलणं नटच करणार होते, पडद्याआड, आम्ही बॅकस्टेजवाले फक्त फ्लॅट वळवणार.

खरा चुना वापरू नका. कापडावर टिकत नाही, उडतो, आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो. आम्ही पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये खडूची पूड आणि थोडं फेविकॉल घातलं. सारवलेल्या जमिनीसाठी जाड कॅनव्हासवर काव, पिवडी (पिवळी माती), बारीक लाकडी भुसा आणि फेविकॉल, आणि ओलं असतानाच हाताच्या पंजानं अर्धवर्तुळं ओढली, सारवताना पडतात तशी. भुशामुळे पाय घसरत नाहीत, हा खरा फायदा. थर्माकोलचा विचार कुणी करत असेल तर, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय ते जळतंही भयंकर.

रंगाबद्दल एक नक्की सांगते. अंगणात उन्हात सुंदर दिसलेला रंग नाट्यगृहात वेगळाच असतो. जानेवारीत मॅनेजरसाहेबांची परवानगी काढून दोन-दोन फुटांचे रंगवलेले तुकडे नाट्यगृहात नेले आणि तिथल्याच दिव्यांखाली धरले. पिवळ्या हॅलोजनखाली काव उबदार दिसली, पुढच्या एलईडीखाली तीच जांभळट. तिथेच बसून कावेत पिवडी वाढवत गेले, दोन्ही दिव्यांत खपेल असा रंग मिळेपर्यंत. प्रकाशयोजनाकारानं पुढचे एलईडी कमी केले आणि मुख्य उजेड चौकाच्या बाजूनं, वरून तिरका आणला. वाड्यात उजेड चौकातूनच येतो. माजघर त्यामुळे अंधारं राहिलं. दिग्दर्शकाला चेहरे हवे होते, आम्हाला अंधार. तोड अशी निघाली की महत्त्वाची वाक्यं दारापाशी आणि ओसरीच्या कडेला घेतली. बाईमाणसं माजघरातून दाराशी येऊन, अर्धी आत राहून बोलतात, हे त्यातूनच आलं आणि नाटकात टिकलं.

तसबिरींच्या काचा काढून टाका, दिवे चमकतात. समईत लुकलुकणारे छोटे एलईडी बसवले आणि वातीच्या टोकाला पातळ कापूस, म्हणजे दिव्याचा ठिपका नुसता दिसत नाही.

८ फेब्रुवारीला सकाळीच टेम्पो भरला. दोन फेऱ्या लागल्या. टेम्पोवाले दादा म्हणाले, "ताई, वाडा पाडलाय का बांधताय?" प्रत्येक तुकड्यामागे क्रमांक आणि बाण लिहिलेले होते. लेव्हल आधी, मग दाराची चौकट, मग फ्लॅट, शेवटी जमिनीचं कापड, हा क्रम कागदावर लिहून दोन्ही विंगांत चिकटवला होता. प्रकाशवाल्यांना वर शिडी लागते आणि आमचे फ्लॅट उभे राहिले की शिडी फिरत नाही, म्हणून दिवे टांगायचं काम आमच्या आधी. हा क्रम आधी बोलून ठेवा, तिथे भांडायला वेळ नसतो.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. विभागाच्या हॉलमध्ये सराव केलेला होता, त्यामुळे कोण कोणती पिन काढणार हे पाठ होतं. पडद्यामागे कुणी बोललं नाही. नटांनी पाट, घंगाळ, घडवंची, गाद्या, चित्रं उचलली. त्यांतली आईचं काम करणारी नटी देव्हारा हातात घेऊन विंगेत थांबली होती, तो कुठे ठेवायचा हे ठरलेलं असूनही ती तो ठेवत नव्हती. पडदा वर गेला तेव्हा मी विंगेतून प्रेक्षकांकडे बघत होते. पांढरी भिंत दिसताच पुढच्या रांगांतली कुजबुज थांबली. सेटवर अजून कुणी आलेलं नव्हतं. मला तेव्हा हातपाय गार पडल्यासारखं झालं, आणि खूप बरंही वाटलं. कसब्यातल्या आजी चौथ्या रांगेत होत्या. प्रयोगानंतर त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की देवघरातले देव शेवटी कुणी नेले. लेखिकेला जाऊन विचारते म्हटलं. संहितेत ते नाही.

सेट काढायला लावण्याच्या निम्मा वेळ लागतो, पण माणसं दमलेली असतात आणि पाहुणे भेटायला येतात. आणलेल्या वस्तूंची यादी फोटोसकट केली होती, घेताना आणि देताना सही. घंगाळ, पाट, अडकित्ता, सगळं त्याच आठवड्यात ज्याचं त्याच्या घरी गेलं. भांडी परत करताना घासून द्या.

खर्च असा झाला: लाकूड आणि प्लाय १३,६०० रुपये, कापड आणि रंग ६,२००, सुतारकाम ९,०००, टेम्पो ५,६००, विकत घेतलेल्या आणि भाड्यानं आणलेल्या वस्तू ४,९००. एकूण ३९,३००. हिशेब देताना प्रत्येक बिलामागे ते कशासाठी हे एक ओळ लिहून विभागप्रमुखांची सही घेतली, त्यामुळे अकाउंट्समधून एकच शंका आली, कंदिलाच्या व्हाउचरवर. विक्रेत्याची सही मोडीसारखी दिसत होती. दुसऱ्या साक्षीदाराची सही जोडली आणि ते सुटलं. मार्चअखेरच्या आत हिशेब द्या, आर्थिक वर्ष उलटलं की तीच बिलं वर्षभर फिरतात.

टिकाऊ वस्तूंची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये करून त्या विभागाच्या माळ्यावर ठेवल्या आहेत: दाराची चौकट, सहा लेव्हल, चार दुहेरी फ्लॅट, कॅनव्हासची जमीन. पुढच्या तुकडीतल्या कुणाला हव्या असतील तर विभागप्रमुखांच्या नावे अर्ज द्या. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवलात तर भुसा सुटतो. आणि चौकट उचलताना खालचे बोल्ट आधी काढा, ते बाराच्या पान्यानं निघतात.